हातचं सोडून? जिमी क्लिफचा १९७२ चा निर्णय

प्रकरण अभ्यासात नावं झाकायची पद्धत आहे. ‘एक गायक, वय अठ्ठावीसच्या आसपास, बेटावरून लंडनला आलेला’ एवढं लिहून भागतं. इथे तो खटाटोप फुकट जाईल, कारण माणूस, कंपनी, सिनेमा सगळं जगजाहीर आहे. रेगे, म्हणजे जमैकाचं लोकप्रिय संगीत, ऐकणाऱ्याला दुसऱ्याच ओळीत कळेल की हा जिमी क्लिफ. म्हणून नावं उघडी ठेवली आहेत. बंद दाराआड काय बोलणं झालं, ते मात्र संबंधितांनी नंतर स्वतः जाहीरपणे सांगितलं तेवढंच घेतलं आहे.

प्रकरण असं. १९७२ मध्ये क्लिफ जमैकाचा बाहेरच्या जगाला सगळ्यात ओळखीचा गायक होता. त्याची मुख्य भूमिका असलेला ‘द हार्डर दे कम’ हा सिनेमा पडद्यावर येत होता. नेमक्या त्याच सुमाराला त्याने क्रिस ब्लॅकवेलची आयलंड रेकॉर्ड्स ही कंपनी सोडली आणि ईएमआयशी करार केला. त्यानंतर काही दिवसांतच ब्लॅकवेलच्या दारात बॉब मार्ली उभा राहिला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: मार्ली रेगेचा जगातला सगळ्यात मोठा तारा झाला. रेगेच्या गप्पांत या निर्णयाचा निकाल एका वाक्यात लागतो: हातचं सोडून पळत्याच्या मागे लागला. मला तो निकाल पटत नाही. पण तो अगदीच खोटा आहे, असंही म्हणवत नाही.

पार्श्वभूमी

जेम्स चेंबर्सचा जन्म ३० जुलै १९४४ चा, जमैकाच्या सेंट जेम्स परगण्यातल्या सॉमर्टन गावचा. शिकायला म्हणून पोरगा किंग्स्टनला आला, तो गाण्याच्या नादाला लागला. नाव बदलून ‘क्लिफ’ घेतलं. क्लिफ म्हणजे कडा, आपल्याला जिथे पोहोचायचं आहे त्या उंचीची आठवण म्हणून. चौदा-पंधराच्या वयात अशी नावं सुचतात, फरक इतकाच की याने ते निभावलं.

आपल्याकडे किंग्स्टन म्हटलं की सबिना पार्क. १९७१ च्या फेब्रुवारीत मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, त्या तिथेच. क्लिफचं किंग्स्टन म्हणजे ऑरेंज स्ट्रीट, तबकड्यांच्या दुकानांची गल्ली. त्या रस्त्यावर चिनी वंशाच्या काँग बंधूंचं ‘बेव्हर्लीज’ नावाचं दुकान होतं. तिथे आइस्क्रीमही मिळायचं आणि तबकड्याही. पोराने काय केलं, तर दुकानाच्या नावावरच गाणं रचलं आणि आत जाऊन म्हणून दाखवलं. भाऊ हसले म्हणतात. लेस्ली काँग हसला नाही. त्याने तोवर एकही तबकडी काढलेली नव्हती, त्या दिवसापासून तो निर्माता झाला. १९६२ मध्ये ‘हरिकेन हॅटी’ बेटावर गाजलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जमैका स्वतंत्र झाला.

इथला एक तपशील पुढे लागणार आहे. काँगकडे गायला येणाऱ्या नव्या पोरांचं गाणं आधी क्लिफ ऐकायचा. डेस्मंड डेकर असाच त्याच्यापुढे आला. डेकर वेल्डिंगचं काम करायचा, त्याच्या ओळखीतून तसंच काम करणारा आणखी एक पोरगा आला: रॉबर्ट मार्ली. १९६२ मध्ये मार्लीची पहिली तबकडी काँगकडे निघाली, ती अशी. मार्लीसाठी क्लिफने दार उघडलं ते एकदा नाही, दहा वर्षांत दोनदा. दुसऱ्यांदा मात्र तो स्वतः त्या दारातून बाहेर पडत होता.

१९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्याला जमैकाने कलाकार पाठवले, त्यांत क्लिफ होता. त्यानंतर ब्लॅकवेलच्या आग्रहाने तो लंडनला गेला. ब्लॅकवेल जमैकात वाढलेला, गोऱ्या श्रीमंत घरातला. त्याने १९५९ मध्ये जमैकातच आयलंड सुरू केली आणि १९६२ मध्ये बाडबिस्तरा लंडनला हलवला. क्लिफची लंडनमधली पहिली वर्षं ओढग्रस्तीची होती. क्लबांमधून सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावगर्भ संगीत, गायचं, गर्दी जमली तर बरं. ‘मेनी रिव्हर्स टु क्रॉस’ हे त्याचं सगळ्यात खोल गाणं त्या काळाचं फळ आहे.

मग दिवस पालटले. १९६८ मध्ये तो ब्राझीलला गीतमहोत्सवासाठी गेला आणि तिथे नाव झालं. १९६९ मध्ये ‘वंडरफुल वर्ल्ड, ब्यूटिफुल पीपल’ ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेलं, १९७० मध्ये इंग्रज गायक कॅट स्टीव्हन्सचं ‘वाइल्ड वर्ल्ड’ त्याच्या आवाजात आठव्यावर. त्याने लिहिलेलं ‘यू कॅन गेट इट इफ यू रियली वाँट’ डेकरने गायलं, ते दुसऱ्यावर पोहोचलं. क्लिफचं ‘व्हिएतनाम’ ऐकून अमेरिकन गायक पॉल सायमन असा भारावला की तो ध्वनिमुद्रणासाठी थेट किंग्स्टनला गेला, क्लिफच्या गाण्यांतला तो ठेका तिथल्याच वादकांकडून मिळवायला.

या यशाची घडण नीट पाहावी लागते. किंग्स्टनमध्ये काँग गाणं घडवायचा. लंडनमध्ये ब्लॅकवेल ते विकायचा. तबकडी ट्रोजन नावाच्या लेबलावर निघायची. त्या कंपनीत ब्लॅकवेलचा भागीदार होता ली गॉपथल, भारतीय वंशाचा जमैकन. क्लिफ या तीन पायांवर उभा होता. त्याला ते तेव्हा जाणवत होतं की नाही, सांगता येत नाही. पाय मोडेपर्यंत कुणाला जाणवतं?

अडचण

ऑगस्ट १९७१ मध्ये लेस्ली काँग हृदयविकाराने गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

त्याच वर्षी क्लिफ अमेरिकेत अलाबामातल्या मसल शोल्सला गेला होता. सोल संगीताची ती पंढरीच. तिथल्या वादकांबरोबर त्याने पूर्ण अल्बम केला, त्यात रेगे जवळजवळ नव्हतंच. अल्बम पडला. रेगेवाल्यांना तो परका वाटला, आणि सोलवाल्यांकडे आपले गायक काय कमी होते?

तिसरी गोष्ट पैसा. क्लिफची तक्रार सरळ होती: गाणी यादीत वर जातात, हातात फारसं काही येत नाही. तेव्हाच्या तबकडी कंपन्यांचे व्यवहार कसे चालत, हे माहीत असेल तर याचं नवल वाटत नाही. कंपनी गायकाला आधी उचल देते. मग ध्वनिमुद्रणाचा खर्च, बऱ्याचदा प्रवासाचा आणि जाहिरातीचाही, गायकाच्याच खात्यावर चढतो. मानधनाचा टक्का सुरू होतो तो हे सगळं फिटल्यावर. ऊसतोडणीच्या टोळीला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. लंडनचं घरभाडं मात्र दर आठवड्याला द्यावं लागायचं.

शिवाय ब्लॅकवेलचं लक्ष. आयलंड आता रॉकची कंपनी झाली होती. ट्रॅफिक आणि फ्री हे बँड, कॅट स्टीव्हन्स, तिजोरी भरत होती ती यांच्या जिवावर. जमैकन संगीत ब्लॅकवेलच्या जिव्हाळ्याचं होतं, पण जिव्हाळा आणि दुकानाचा दर्शनी भाग या दोन निराळ्या गोष्टी.

आणि सिनेमा. पेरी हेन्झेल हा जमैकन दिग्दर्शक ‘द हार्डर दे कम’ करत होता, खेड्यातून किंग्स्टनला गायक व्हायला आलेल्या आयव्हनची गोष्ट. पैसे संपले की चित्रीकरण थांबायचं, जमले की पुन्हा सुरू. असं ते लांबत लांबत गेलं. सिनेमात एक प्रसंग आहे. आयव्हनचं गाणं ध्वनिमुद्रित होतं आणि निर्माता हिल्टन त्याला म्हणतो, वीस डॉलर घे आणि कागदावर सही कर. आयव्हन नकार देतो. स्वतः तबकडी विकायला दारोदार फिरतो, कुणी घेत नाही. शेवटी परत येऊन तेच वीस डॉलर घेतो. क्लिफने हा प्रसंग केला तेव्हा त्याला अभिनय किती करावा लागला असेल, असं मला दरवेळी वाटतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, थांबायचं. ब्लॅकवेलचं म्हणणं हेच होतं: सिनेमा येऊ दे, तो तुला मोठा करेल. सिनेमातला बंडखोर आयव्हन आणि गायक जिमी क्लिफ हे लोकांच्या मनात एक होतील, मग विकणं सोपं. यात तथ्य होतं. पण ही गोष्ट क्लिफ ऐकत होता ती गेली सात वर्षं लंडनमध्ये काढून झाल्यावर. ‘थोडं थांब’ हे वाक्य पहिल्या वर्षी सल्ला असतं, सातव्या वर्षी ते थकबाकीसारखं ऐकू येतं.

दुसरा पर्याय, ईएमआय. मोठी ब्रिटिश कंपनी, करार झाला की हातात रोख. अमेरिकेत तबकड्या रीप्रीज काढणार. क्लिफला फक्त रेगे गायचं नव्हतं. सोल, पॉप, जे गळ्यातून येईल ते गायचं होतं, आणि मोठ्या घरात ती मोकळीक मिळेल ही आशा होती.

तिसरा पर्याय जमैकाला परतून स्वतःच्या नावावर तबकड्या काढायचा. प्रिन्स बस्टरसारख्या गायक-निर्मात्यांनी बेटावर ते करून दाखवलं होतं. पण आंतरराष्ट्रीय वितरण हातात नसताना हा रस्ता किंग्स्टनच्या बंदरापाशी संपत होता.

चौथा पर्याय कुणी मांडल्याचं दिसत नाही: आयलंडशीच, पण फक्त सिनेमाच्या गाण्यांपुरता आणि सिनेमा आल्यानंतरच्या एका अल्बमपुरता छोटा करार, नव्या अटींवर. पुढे मी याच्याकडे परत येणार आहे.

निर्णय आणि त्यानंतरचे काही आठवडे

क्लिफ गेला. आयलंडकडून ईएमआयकडे.

त्याच काळात वेलर्स हा गट, म्हणजे मार्ली, पीटर टॉश आणि बनी, लंडनमध्ये अडकून पडले होते. अमेरिकन गायक जॉनी नॅशबरोबर आलेले, काम संपलेलं, परतीच्या भाड्याचीही मारामार. ते ब्लॅकवेलला भेटले. त्याने त्यांना अल्बमसाठी ४,००० पाउंड दिले. जवळच्यांनी त्याला वेड्यात काढलं, हे पैसे गेले म्हणून समज. ब्लॅकवेलने नंतर हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे, आणि त्याचा सूर असा की क्लिफने पडद्यावर जो बंडखोर उभा केला होता, तो आता हाडामांसाचा समोर येऊन उभा होता. क्लिफसाठी मनात आखलेला नकाशा तयारच होता, फक्त प्रवासी बदलला.

या नकाशातला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. १९७१ मध्ये जमैकन गायकाला उचलून मसल शोल्सला नेलं होतं, ते फसलं. १९७२ मध्ये ब्लॅकवेलने उलट केलं. वेलर्सनी किंग्स्टनमध्ये मुद्रित केलेल्या फिती लंडनला आणल्या आणि मसल शोल्सच्याच वेन पर्किन्स नावाच्या गिटारवादकाला त्यांच्यावर वाजवायला लावलं. बासरी-ढोलाच्या गावाला शहरात नेण्याऐवजी शहरातला एक वादक गावात आणून बसवला. बास आणि ठेका जिथल्या तिथे राहिला, वरून रॉकच्या कानाला ओळखीची गिटार आली. ‘कॅच अ फायर’ एप्रिल १९७३ मध्ये निघाला. क्लिफवर केलेला प्रयोग फसला नसता तर हे सुचलं असतं का, शंका आहे.

परिणाम

इथे हळूहळू वाचायला हवं, कारण या प्रकरणाची गाठ इथे आहे.

सिनेमा जून १९७२ मध्ये किंग्स्टनच्या कॅरिब थिएटरात लागला तेव्हा लोकांनी दारं मोडायची बाकी ठेवली. आपली भाषा, आपल्या गल्ल्या पडद्यावर पहिल्यांदा दिसत होत्या. पण लंडनमध्ये? ब्रिक्स्टनच्या थिएटरात सुरुवातीला खुर्च्या रिकाम्या. हेन्झेल स्वतः रस्त्यावर उभा राहून पत्रकं वाटत होता, तेव्हा कुठे माणसं येऊ लागली. अमेरिकेत १९७३ मध्ये रॉजर कॉर्मनच्या कंपनीने तो आणला. संवाद जमैकन बोलीतले, म्हणून इंग्रजी सिनेमाला इंग्रजी उपशीर्षकं लावावी लागली. पहिल्या फेरीत फार काही घडलं नाही. मग मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या एका थिएटरात तो वर्षानुवर्षं चालला, विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलल्या तरी. गाण्यांचा अल्बम अमेरिकेच्या यादीत चढला तो १९७५ मध्ये, आणि तोही १४० व्या क्रमांकापर्यंतच. तरी अमेरिकेतल्या कितीतरी जणांच्या घरात शिरलेली रेगेची पहिली तबकडी तीच होती.

म्हणजे ब्लॅकवेलचं ‘सिनेमा तुला मोठा करेल’ हे भाकीत खरं ठरलं, पण त्याला तीन-चार वर्षं लागली. क्लिफ थांबला असता तरी १९७२ च्या दिवाळीत त्याच्या हातात काही पडणार नव्हतं. जे त्याला लगेच हवं होतं ते आयलंडकडे नव्हतंच.

दुसरीकडे, ज्या अल्बममुळे जगाने त्याला ओळखलं, त्यातल्या बारा गाण्यांपैकी सहा त्याच्या आवाजातली आहेत (चार गाणी, त्यांतली दोन पुन्हा घेतलेली), आणि तो अल्बम आयलंडचा. तो ईएमआयसाठी नवे अल्बम करत होता आणि लोक दुकानात जाऊन जुन्या घरचा अल्बम मागत होते. नव्या कंपनीला जुन्या कंपनीचं पीक विकण्यात काय रस? सिनेमाची हवा आणि गायकाची जाहिरात या दोन गाड्या वेगवेगळ्या रुळांवरून धावल्या.

त्यात प्रतिमेचा प्रश्न आला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर जगाच्या डोक्यात रेगे म्हणजे जटा आणि रास्ताफारी हा जमैकातला पंथ, हे समीकरण पक्कं बसलं. क्लिफ त्याच काळात इस्लामकडे वळला होता आणि आफ्रिकेत फिरत होता. जटा नाहीत, पंथ वेगळा, गाण्यात सोलही आणि पॉपही. त्याला कुठल्या खणात ठेवायचं, हे दुकानदारांना कळेना. त्याने स्वतःला खणाच्या मापाचं करून घेतलं नाही, याबद्दल मला त्याचं कौतुक आहे. मात्र याचा अर्थ असाही होतो की आयलंडमध्ये राहिला असता तरी ब्लॅकवेलचा नकाशा त्याच्या अंगाला कधीतरी टोचलाच असता.

बाकी आयुष्य पडझडीचं नव्हतं, हे ‘हातचं सोडून’वाले विसरतात. ब्राझील आणि आफ्रिकेत तो मोठा होताच, फ्रान्समध्ये १९८३ चं ‘रेगे नाइट’ तुफान चाललं. ‘क्लिफ हँगर’ला ग्रॅमी, १९९३ चं ‘आय कॅन सी क्लिअरली नाऊ’ अमेरिकेत पहिल्या विसात, २००३ मध्ये जमैकाचा ऑर्डर ऑफ मेरिट, २०१० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. २०१२ च्या ‘रीबर्थ’ला, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, दुसरं ग्रॅमी. २४ नोव्हेंबर २०२५ ला तो गेला, एक्याऐंशी वर्षांचा होऊन.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाचा क्षण एकच दिसतो, १९७२ चा. माझ्या मते खरा क्षण त्याआधीचा, ऑगस्ट १९७१ चा. काँग गेल्यावर क्लिफला नव्या कंपनीपेक्षा नव्या निर्मात्याची गरज होती. किंग्स्टनमधला, त्याचा आवाज ओळखणारा माणूस. ती जागा रिकामी राहिली आणि चर्चा कंपनीवर गेली. ईएमआयकडे पैसा होता, काँगचा कान नव्हता. पुढच्या अल्बमांत गाणी चांगली आहेत, पण कुणीतरी ‘हे ठेव, ते काढ’ म्हणणारं हवं होतं, ते ऐकताना जाणवतं.

दुसरं, तो चौथा पर्याय. क्लिफच्या हातात १९७२ मध्ये एक हुकमाचं पान होतं: सिनेमा पूर्ण होता आणि त्याच्याशिवाय त्या सिनेमाची जाहिरात अशक्य होती. ब्लॅकवेलला तो हवा होता. अशा वेळी ‘राहतो किंवा जातो’ एवढंच न ठेवता, अठरा महिन्यांचा करार, सिनेमाच्या अल्बममध्ये वाढीव हिस्सा आणि मग मोकळा, असं मागता आलं असतं. मात्र हे मागायला सोबत हिशेब जाणणारा वकील किंवा व्यवस्थापक लागतो. उचलीच्या चक्रात असलेल्या गायकाला तोच परवडत नाही.

ब्लॅकवेलच्या बाजूनेही चूक आहे, आणि ती फारशी कुणी मोजत नाही. सिनेमावर एवढा विश्वास होता तर ‘थांब’ म्हणताना थांबण्याचे पैसे द्यायला हवे होते. ४,००० पाउंड अनोळखी तिघांना देता आले. सात वर्षं सोबत असलेल्या माणसाला त्या आठवड्यात किती देऊ केले होते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आणि एक गोष्ट अशी की जिचं काहीच करता आलं नसतं. क्लिफच्या कामाला पिकायला वेळ लागायचा, करारांचं घड्याळ मात्र घाईचं. त्याच १९७२ मध्ये कॅट स्टीव्हन्सच्या निर्मितीखाली त्याने ‘ट्रॅप्ड’ नावाचं स्वतःचं गाणं गायलं. ते आलं आणि गेलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९८१ च्या दौऱ्यात अमेरिकन रॉकगायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने अॅमस्टरडॅमच्या विमानतळावर क्लिफची एक कॅसेट विकत घेतली. त्यात ते होतं.

तो लगेच ते आपल्या मैफलींत गाऊ लागला. १९८५ मध्ये आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी काढलेल्या ‘वी आर द वर्ल्ड’ अल्बमवर ते आलं, तेव्हा अमेरिकेतल्या स्टेडियमांमधली गर्दी ते तोंडपाठ म्हणत होती. गीतकार म्हणून खाली नाव होतं, जिमी क्लिफ.